उठवायची गादी

आमच्या जावईबापूंना मी कधी नावानं हाक मारली नाही आणि आता मारणारही नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझ्याहून लहानच. पण आमच्या आईनं लग्नात "जावईबापू, जावईबापू" करून त्यांना जे डोक्यावर चढवलं, ते पुन्हा खाली उतरलेच नाहीत. म्हणून मीही जावईबापूच म्हणते. तोंडात मान ठेवला की बाकीचं बोलायला मोकळीक मिळते.

धंदा गाद्यांचा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक मळकट पडदा. दुकानात कापसाचे गठ्ठे, पिंजायचं यंत्र, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या आणि हवेत सदानकदा उडणारी कापसाची तुसं. त्या घरात चहा घेतला तर पहिला घोट फुंकूनच घ्यावा लागायचा. माझं इस्त्रीचं दुकान मागच्याच गल्लीत, त्यामुळे दिवसाआड फेरी व्हायची आणि प्रत्येक फेरीला मी शिंकत परत यायची.

माणूस कामात हुशार होता, खोटं कशाला बोलू. जुनी गादी दुरुस्तीला आली की खोळ उसवायच्या आधी ती जमिनीवर पसरायचे, गुडघे टेकायचे आणि तळवा सगळीकडून फिरवायचे. खळगा कुठं पडलाय, किती खोल आहे, कुठली कड दबलीय. मग वर न बघता सांगायचे, उजव्या कुशीवर झोपता, वजन वाढलंय, आणि घरात कुरबुर चालू आहे. तेही चारचौघांत. एकदा एका नवराबायकोची जोडगादी आली. जावईबापूंनी हात फिरवला आणि म्हणाले, दोन खळग्यांच्या मधे हा जो वरंबा आहे ना, तो ओलांडून वर्षभर कोणी इकडचा तिकडं गेलेला दिसत नाही. दुकानात पाचसहा माणसं होती. ती बाई लालेलाल झाली, नवरा खिशात किल्ली शोधायला लागला, आणि आमच्या विहीणबाई, म्हणजे जावईबापूंच्या मातोश्री, पडद्यामागे खोकल्याचं निमित्त करून पोटभर हसल्या. ते जोडपं परत आलं नाही. पण ती गोष्ट ऐकून नवी गिऱ्हाइकं खूप आली. लोकांना दुसऱ्याच्या गादीतलं ऐकायला फार आवडतं.

धाकटीकडे कडांचं काम. कापूस भरून झाला की गादीची कड वळवून दाभणानं जाड दोऱ्याचे टाके घालायचे असतात. कड सैल राहिली तर गादी चार महिन्यांत पसरते. माझ्या बहिणीची कड अशी यायची की कुणी पट्टी ठेवून बघावी. तिच्या बोटांच्या पेरांना कायम घट्टे. गिऱ्हाईक म्हणायचं, कड काय सुंदर आहे हो. जावईबापू म्हणायचे, आमच्याकडे कड अशीच असते. तिचं नाव कधी निघालं नाही. तीही कधी काही बोलली नाही. लहानपणापासून तशीच ती, आपल्या वाट्याचं बोलणं मला देऊन टाकल्यासारखी.

मग मोठ्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं. प्लास्टिकमधून गुंडाळी काढायची, दोरी कापायची, की गादी आपोआप फुगून तयार. पिंजणं नाही, टाके नाहीत, दोन वर्षांनी उसवून पुन्हा भरणं नाही. बघता बघता आमच्या जावईबापूंचा धंदा बसला. दुकानात दिवसभर माश्या मारायच्या आणि फोमवाल्याला शिव्या द्यायच्या, एवढंच काम उरलं.

त्याच सुमाराला धाकटी आडवी झाली. एका दुपारी कड शिवता शिवता थांबली, दाभण तसाच गादीत टोचून ठेवला, पडद्यामागे गेली आणि पलंगावर पडली. संध्याकाळी उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि विचारलं तर म्हणायची, काही नाही. मेलं कारण तरी असावं माणसाला! कारण सापडलं असतं तर सगळ्यांनी मिळून त्यालाच बदडलं असतं. ते सापडलं नाही, म्हणून मग तिलाच धरलं.

विहीणबाईंनी पहिल्या आठवड्यात त्याला आळस म्हटलं. दुसऱ्यात सोंग. मग नाटक, मग माज, मग माहेरची खोड. ही शेवटची माझ्याकडे बघून. मी सोडते की काय? मी म्हटलं, आमच्या माहेरी पडून राहायला जागाच नव्हती, ही खोड इथंच लागलेली आहे. त्यावर त्या देवासारख्या गप्प बसल्या आणि माझ्या पाठीमागे शेजारणीला सांगून आल्या की थोरलीच तिला शिकवते.

मी धाकटीला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बराच वेळ बोलल्या तिच्याशी. म्हणजे त्या बोलल्या, ही टेबलाच्या कडेवरनं बोट फिरवत बसली. शेवटी मला म्हणाल्या, डिप्रेशन आहे. गोळ्या द्या, निजू द्या, ओरडू नका, काही महिन्यांनी आपणहून उठेल. घरी आल्यावर मी माझ्या कॉलेजातल्या लेकीला त्या शब्दाचा अर्थ विचारला. ती म्हणाली, कुठला हवा? जमिनीत पडलेला खळगा म्हणजे पण तेच, बाजारातली मंदी म्हणजे पण तेच, समुद्रावर हवेचा दाब कमी होतो ते पण तेच, आणि मन खचतं तेही तेच. म्हटलं, धन्य आहे. इंग्रजीत एका शब्दाला चार अर्थ, आणि आमच्या विहीणबाईंकडे एका दुखण्याला दहा नावं आणि दहाही शिव्या.

गोळ्यांची पाकिटं जावईबापूंनी मोरीत रिकामी केली. माझ्यासमोर. म्हणाले, या गोळ्यांनी माणूस आणखी झोपतो. हिला उठवायचंय की झोपवायचंय? झालं, आमचं सगळं भांडण एवढ्यावर येऊन ठेपलं. माझ्या बहिणीला आजारी म्हणून सुखानं निजू द्यायचं, की मारून मुटकून उठवायचं. मी आणि डॉक्टरबाई एका बाजूला, ते मायलेक दुसऱ्या. आणि धाकटी मधे, भिंतीकडे तोंड करून.

त्यांना घाई का होती तेही सांगते. दुकानात जे थोडंफार गिऱ्हाईक यायचं त्याला ते छाती ठोकून सांगायचे, माझ्या गादीवर निजलेला माणूस सकाळी ताजातवाना उठतो. आणि पडदा वाऱ्यानं हलला की मागं दिवसाढवळ्या निजलेली बायको दिसायची. फोमवाल्याला हे कळलं. तो लोकांना हसत हसत सांगायला लागला, त्यांच्या गादीवरून घरचंच माणूस उठत नाही, तुम्ही काय उठणार.

हे त्यांच्या कानावर आलं त्या दिवशी ते मागच्या खोलीत गेले. मी तिथंच होते. धाकटीला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि तिच्या गादीवरून हात फिरवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं होतं ते. गावभर गाद्या पिंजून देणाऱ्याच्या घरातली गादी लग्नातली होती आणि एकदाही उसवलेली नव्हती. मध्यभागी हा एवढा खळगा. त्यांचा तळवा त्यात गेला आणि चेहरा एकदम उजळला. म्हणाले, दोष हिचा नाहीच, कापसाचा आहे. माणूस यात पडला की खळगा त्याला वर येऊ देत नाही. खरं सांगते, त्या घटकेला मला ते बरे वाटले. तिचा दोष नाही असं त्या घरात म्हणणारे ते पहिलेच.

त्यांनी सगळं उसवलं, कापूस पिंजला, नवा घातला, मऊ लुसलुशीत गादी करून पलंगावर घातली. धाकटी तिच्यावर निजली आणि निजूनच राहिली. महिना झाला नाही तोच मध्यभागी पुन्हा तोच खळगा. एवढं वजनही नव्हतं तिच्यात, वाळून काडी झाली होती. पण एकाच जागी, एकाच कुशीवर. जावईबापूंनी हात फिरवून बघितला आणि या वेळी चेहरा काळाठिक्कर पडला. बायको आजारी आहे याचा त्यांना राग नव्हता. आपलं केलेलं काम तिनं बसवलं, याचा राग होता.

मग त्यांनी ती गादी केली. जिथं खळगा पडत होता नेमकं तिथं, खोळीच्या आत, एक घट्ट वळकटी घातली. फाटक्या खोळींच्या चिंध्या, टाकाऊ कापूस, त्यातल्या सरकीसकट, सगळं ठासून, सुतळीनं आवळून, वरून पातळ मऊ थर. चादर घातली की काही दिसायचं नाही. कडेवर बसलं तरी काही कळायचं नाही. पण आडवं झालं की कमरेखाली हे टेंगूळ. उताणं पडलं तर कंबर वर आणि डोकं खाली. कुशीवर वळलं तर बरगडीत. पालथं पडलं तर पोटात. घटकाभर निजलं की अंगच म्हणायचं, ऊठ बाई.

धाकटी म्हणाली, खुपतंय. तेवढंच म्हणाली. जावईबापूंनी ते आम्हाला कौतुकानं सांगितलं. म्हणाले, मी सांगितलं तिला, खुपायलाच पाहिजे.

ती जमिनीवर निजायला गेली तर विहीणबाईंनी फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. पुसायची होती म्हणे. दिवसातून तीन वेळा पुसली जायची ती फरशी. असली स्वच्छता मी त्या घरात आधी कधी पाहिली नव्हती. आणि एके दिवशी मी गेले तर धाकटी दुकानात स्टुलावर बसलेली. केस विंचरलेले, हात मांडीवर, पाठ कापसाच्या गठ्ठ्याला टेकलेली. विहीणबाईंनी मला बघून टाळी वाजवली. उठली बघा तुमची बहीण!

उठली हे खरं. माणूस बसला म्हणजे उठलाच म्हणायचं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, कुणीतरी घर सोडून गेलंय आणि दिवा तेवढा विझवायचा राहिलाय.

गिऱ्हाईक यायचं तेव्हा जावईबापू तिच्याकडे बोट दाखवायचे. वर्षभर पडून होती, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, काही उपयोग नाही. मग ही गादी केली. आणि ठरलेलं वाक्य: बायको उठली ना यावर? तुमचेही उठतील. लोक तिच्याकडे वाकून बघायचे. काही बायका तिच्या खांद्याला हात लावून विचारायच्या, आता बरं वाटतं ना? ती मान हलवायची. हो का नाही ते कळायचं नाही, पण विकत घ्यायला आलेल्या माणसाला हो दिसतं.

मला वाटलं होतं, कोण घेणार असलं खुपणारं धूड? माझाच मूर्खपणा. प्रत्येक घरात कोणीतरी पडून असतं हे मला कुठं माहीत! नोकरी सुटलेल्या भावासाठी मोठा भाऊ घेऊन गेला. परीक्षेत नापास होऊन पांघरूण ओढून बसलेल्या पोरीसाठी आई घेऊन गेली. एका शाळामास्तरांनी सासऱ्यांसाठी नेली, म्हणाले, त्यांना दुपारची फार झोप लागते, चांगलं नाही वयाला. चांगली शिकलेली, गोड बोलणारी माणसं. कुणी असं म्हणत नव्हतं की मला त्याला त्रास द्यायचाय. त्यांच्याच भल्यासाठी, म्हणत होते सगळे. आणि फोमवाल्याला आता आमचे जावईबापू हसत होते. म्हणायचे, फोममध्ये माणूस रुततो, माझ्याकडे वर येतो.

पाटी बदलली. 'उठवायची गादी येथे मिळेल.' मऊ गादी मागायला कोणी येईनासं झालं. दुकानात ज्या चार जुन्या मऊ गाद्या पडून होत्या त्यांचीही खोळ फाडून त्या टेंगळांत कोंबल्या. घरातल्या सगळ्या पलंगांवर तसल्याच. विहीणबाई आपल्या खाटेवर कडेला अंग चोरून निजायच्या, कारण गिऱ्हाइकाला दाखवायला घरातली एकूण एक गादी उठवायचीच पाहिजे, असा लेकाचा हुकूम होता. कंबर धरून चालायच्या, पण लेकाबद्दल अवाक्षर नाही. आपला तो बाब्या.

एका सकाळी दुकानात जावईबापू नव्हते. मी धाकटीजवळ बसले आणि तिची पाठ बघितली. कमरेवर हिरवेनिळे वळ, जुने आणि नवे एकावर एक. म्हटलं, चल माझ्याकडे, माझी खोली लहान आहे पण जमीन कोरडी आहे. गोळ्या पुन्हा आणू, हवी तेवढी नीज, मी बघते कोण उठवतं ते.

ती म्हणाली, "नको ताई. निजले की परत उठवतील. त्यापेक्षा बसलेली बरी."

मी पुष्कळ सांगितलं. रडले, रागावले, हात धरून ओढलं. ती हलली नाही. काडीसारखी बाई, पण त्या स्टुलाला अशी चिकटली होती की मलाच घाम फुटला. रात्री झोपायची कशी म्हणून विचारलं तर म्हणाली, इथंच, गठ्ठ्याला टेकून. आडवं पडायचं ती विसरलीच होती, किंवा विसरायचं ठरवलं होतं तिनं. मी जावईबापूंना त्या दिवशी जे बोलायचं ते सगळं बोलले. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. ते शांतपणे म्हणाले, थोरल्या बाई, तुमच्या पोटात दुखतंय, कारण तुमच्या डॉक्टरबाई हरल्या. आणि थांबलेल्या माणसांपैकीच एकाला गादी विकली.

अशी दोन वर्षं गेली. मग बँकेतल्या रोखपालाची आई.

म्हातारीचं अर्धं अंग गेलेलं. तिला स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं. हे जावईबापूंना माहीत होतं का? रोखपालानं सांगितलं होतं. मीच दुकानात उभी होते. म्हणाला, डॉक्टर म्हणतात रोज थोडं उठवून बसवा, पण आई ऐकत नाही, बायकोला झेपत नाही. जावईबापू म्हणाले, घेऊन जा, आपोआप उठतील. आणि बोट धाकटीकडे.

जो माणूस वळू शकतो तो टेंगळावरून घसरून कडेला तरी जातो. म्हातारी तिथंच राहिली, टेंगळावर, जिथं ठेवली तिथं. ती ओरडायची, पण तिची जीभही गेलेली होती, शब्द कळायचे नाहीत. घरातले म्हणायचे, बघा, अंगात जोर येतोय. महिन्याभरानं ती गेली. अंघोळ घालायला ज्या बायका गेल्या त्यांच्यात मी होते. पाठीवर काय होतं ते मी सांगणार नाही. आमच्यातली एक बाहेर जाऊन पायरीवर बसली ती परत आत आलीच नाही.

मला वाटलं, आता गाव पेटेल. दगड पडतील दुकानावर, कुणीतरी पोलिसांत जाईल. छे! कोण जाणार? ज्याच्या त्याच्या घरात तीच गादी. कोणी कोणाला काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी दुकान उघडलं तर दारात तीन गाद्या. गुंडाळून, दोरी बांधून, नीट ठेवलेल्या. तिसऱ्या दिवशी आणखी. शाळामास्तरांची ओळखू आली, खोळीवर शाईचा डाग होता. कोणी पैसे परत मागितले नाहीत, कोणी तोंड दाखवलं नाही. मास्तर रस्त्यात भेटले तर मला म्हणाले, काय माणसं असतात बघा, म्हाताऱ्या आईला असल्या गादीवर घालतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गाद्या आत घ्यायला जागा नव्हती. दुकानाच्या दोन्ही बाजूंना ढीग लागला. त्यावर कुत्री चढायची, घटकाभर गोल गोल फिरायची आणि उतरून दुसरीकडे जाऊन निजायची.

जावईबापू पहिले काही दिवस ढिगासमोर खुर्ची टाकून बसले. कोणी आलं तर भांडायचं म्हणून. कोणी आलं नाही. मग खुर्ची आत गेली. मग शटर अर्धंच उघडायला लागलं, मग उघडेनासं झालं. एके दिवशी विहीणबाई माझ्या दुकानी आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. इस्त्रीच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझं पोर उठत नाही हो.

मी इस्त्री बंद केली आणि गेले. खोटं सांगत नाही, पायात जोर आला होता माझ्या. बघायचंच होतं मला.

मागच्या खोलीत, धाकटीच्याच पलंगावर, भिंतीकडे तोंड करून जावईबापू पडले होते. दाढी वाढलेली. ताप नाही, खोकला नाही. विचारलं तर म्हणायचे, काही नाही. खाली तीच गादी, त्यांची पहिली, कमरेखाली टेंगूळ. ते डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळायचे, मग उताणे, मग पुन्हा डाव्या, आणि दर वेळी कण्हायचे. खाली उतरून जमिनीवर पडायचीही ताकद त्यांच्यात नव्हती. तेवढी ताकद नसते त्या दुखण्यात, हे मला माहीत होतं. त्यांना आता कळत होतं.

विहीणबाई रडायला लागल्या. आळस म्हणाल्या नाहीत, सोंग म्हणाल्या नाहीत. आजारी आहे हो लेकरू, म्हणाल्या, नजर लागली त्याला, मन खचलंय त्याचं. दहाच्या दहा नावं कुठं गेली होती कुणास ठाऊक. काहीतरी मऊ घाला त्याच्या अंगाखाली, म्हणाल्या. पण घरात मऊ होतं काय? दुकानभर गाद्या, आणि एकूण एक उठवायच्या. शेवटी एकच उपाय उरला. एक गादी उसवायची, आतली वळकटी काढायची, कापूस हातानं मोकळा करायचा आणि पुन्हा कड शिवायची. आणि कड शिवणारं माणूस त्या घरात एकच होतं.

विहीणबाई दुकानात गेल्या. मी पाठोपाठ. धाकटी स्टुलावर, नेहमीसारखी. समोर गिऱ्हाईक नाही, पाटी बघायला कोणी नाही, तरी बसलेली, कारण ऊठ किंवा नीज असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. विहीणबाईंनी भिंतीला टोचून ठेवलेला दाभण काढला, दोऱ्याचं रीळ घेतलं आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं. तिचे हात हातात घेतले. एवढी एक उसव गं बाई, म्हणाल्या, तुला काय, घटकाभराचं काम. तुझ्यासारखी कड कोणाला येते? बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्या घरात ती कड तिची म्हटली.

मला वाटलं ती ऐकेल. ती सगळ्यांचं ऐकतच आली होती. दाभण घेऊन ती उठली. पडदा सारला, मागे गेली, पलंगाजवळ उभी राहिली. जावईबापूंनी डोळे उघडले. तिच्याकडे बघून म्हणाले, "खुपतंय गं."

ती खाली वाकली. तळवा त्यांच्या कमरेखाली सरकवला आणि टेंगूळ चाचपलं, अगदी ते चाचपायचे तसं, डोळे दुसरीकडे ठेवून. विहीणबाई श्वास रोखून उभ्या. मग तिनं हात काढला, एका बाजूला कडेचे टाके सैल झाले होते तिथं दाभण घातला, आणि दोरा ओढून चांगले तीनचार पक्के टाके घातले. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

"बायको उठली ना यावर," ती म्हणाली. "हेही उठतील."

आवाज अगदी साधा होता. रागाचा लवलेश नाही. माझ्या अंगावर मात्र काटा आला, आणि मी तर त्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून वर्षं मोजत होते.

जावईबापूंनी भिंतीकडे तोंड केलं, मग खुपलं म्हणून पुन्हा इकडे केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

धाकटीनं दाभण खिडकीत ठेवला. दोरीवर एक रिकामी खोळ वाळत होती, ती काढली, दुसऱ्या खोलीत जाऊन फरशीवर पसरली. फरशी कोरडी होती. आता पुसायला कोणाला सवड नव्हती. त्यावर ती हळूहळू टेकली, एक हात टेकवून, मग कोपर, मग खांदा, पाण्यात उतरताना माणूस अंदाज घेतो तशी. भर दुपार होती. तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.

मी दुकानातलं स्टूल आणलं आणि तिच्या दारात टाकून बसले. पलीकडून कण्हणं येत होतं. विहीणबाई दोनदा दारापर्यंत आल्या, तिला उठवायला. मी काही स्टुलावरून हलले नाही.